परदेशी तैनाती आणि मागचे घर

संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत भारतीय तुकडी बहुधा वर्षभरासाठी जाते आणि कुटुंबे मायदेशीच राहतात. कुटुंब सोबत नेता येत नाही अशा क्षेत्रात तैनात जवानांच्या घरच्यांसाठी लष्करी ठाण्यांत जी घरे राखलेली असतात, त्यांना ‘विभक्त कुटुंब निवास’ म्हणतात. तेथे आजारपण, मुलांची शाळा, बँकेची कामे शेजारणीच परस्परांसाठी सांभाळतात.

या आधाराला संस्थारूप देणारी ‘आर्मी वाइव्ह्ज वेल्फेअर असोसिएशन’ १९६६ मध्ये स्थापन झाली.

लहान गावी राहणाऱ्या कुटुंबाला वसाहतीचा शेजार नसतो. तेथे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय, म्हणजे माजी सैनिक व जवानांच्या कुटुंबांचे शासकीय मदतकेंद्र, आणि गावातील निवृत्त जवान हेच जवळचे.