चालायला जागा हेही औषधच!

मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या रुग्णाला ‘रोज अर्धा तास चाला’ असे सांगितले की पुष्कळदा उलट प्रश्न येतो, ‘डॉक्टर, चालू कुठं?’ प्रश्न रास्त आहे. रस्त्यावर वाहने आणि धूर, पदपथावर दुकाने. बायकांची अडचण तर आणखी मोठी.

प्रौढ माणसाने आठवड्यातून किमान १५० मिनिटे भरभर चालण्याइतका व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. चालताना स्नायू रक्तातील साखर वापरतात, इन्शुलिनचे काम सुधारते, रक्तदाब उतरतो, झोप चांगली लागते.

झाडांचा सहवासही उपयोगी पडतो. १९८४ साली अमेरिकेतील एका अभ्यासात असे दिसले की, पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर खिडकीतून झाडे दिसणारे रुग्ण, समोर विटांची भिंत असणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले. त्यांना तीव्र वेदनाशामक औषधेही कमी लागली. अभ्यास लहान होता, पण विचार करायला लावणारा.

म्हणूनच बागा, टेकड्या, वने यांवरील सरकारी खर्च ही चैन नव्हे. मुंबईचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान पाहा. १०० चौरस किलोमीटरहून मोठ्या या जंगलात बिबटे राहतात, त्यातील तुळशी तलावाचे पाणी शहराला मिळते आणि रोज सकाळी कितीतरी लोक तिथे फिरायला येतात. जंगल राखले म्हणून हे सारे एकाच जागी मिळते.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत. मूत्रपिंडे निकामी झाली की डायलिसिसचा खर्च घर मोडतो. व्यायामशाळेची फी सर्वांना परवडत नाही; गावाची टेकडी मात्र मजुराची आणि मालकाचीही असते.

तिथे फार काही लागत नाही. मातीची पायवाट, स्थानिक झाडे, पिण्याचे पाणी, दोन बाकडी, स्त्रियांसाठी स्वच्छतागृह आणि एक रखवालदार पुरे. सिमेंट ओतून टेकडीची बाग करू नये. मग पाणी मुरत नाही.

आपण काय करावे? सकाळी चालायला जा. मधुमेहींनी अनवाणी चालू नये, खिशात साखर ठेवावी. छातीत दुखले तर लगेच थांबून डॉक्टरांना गाठावे. आणि नगरसेवक भेटले की रस्त्या-गटाराबरोबर हेही विचारावे, ‘आमच्या वॉर्डात चालायला जागा कुठे आहे?’