माल तपासून चांगला होत नाही

मंडळी, पेणची गणपतीची मूर्ती घेताना आपण डोळे पाहतो, सोंडेचे वळण पाहतो, रंग पाहतो. पण मूर्ती चांगली की वाईट हे त्याआधीच ठरून गेलेले असते. शाडूच्या मातीत खडा राहिला, किंवा ओली मूर्ती घाईने कडक उन्हात ठेवली, की तडा जातो. मग डोळ्यांची आखणी करणारा कितीही कसलेला असो, तो तडा काही बुजायचा नाही. फार तर रंगाखाली झाकेल, एवढंच.

कारखान्यांच्या जगात यालाच गुणवत्ता व्यवस्थापन म्हणतात. शेवटी नग मोजून वाईट ते बाजूला काढणे, ही झाली तपासणी. वाईट नग मुळात होऊच नये म्हणून प्रत्येक पायरीवर लक्ष ठेवणे, हे व्यवस्थापन. अमेरिकेतील वॉल्टर शेवार्ट यांनी 1924 साली त्यासाठी एक साधा आलेख काढला. रोजचे माप त्यावर मांडीत जायचे. ते ठरल्या मर्यादेबाहेर गेले, की काम थांबवून कारण शोधायचे. 1947-48 मध्ये शेवार्ट भारतातही येऊन गेले. 1950 साली डेमिंग यांनी हीच विद्या जपानी कारखानदारांना शिकवली, आणि त्यांनी ती मनापासून उचलली. आपल्याकडे सुंदरम-क्लेटन या कंपनीने 1998 साली जपानचे डेमिंग पारितोषिक मिळवले. भारतातली ती पहिलीच.

1987 साली आयएसओ 9000 ही आंतरराष्ट्रीय मानके आली. परदेशी गिऱ्हाईक प्रमाणपत्र मागू लागले, तसे आपल्यासारख्या विकसनशील देशांतले कारखानेही ते घेऊ लागले. पण पुष्कळदा होते काय, की प्रमाणपत्र भिंतीवर लागते आणि नोंदवही तपासनीस येण्याच्या आदल्या रात्री भरली जाते!

असे का होते? चूक सांगणाऱ्याला बोलणी बसतात, म्हणून. रोह्याजवळ धाटावला रासायनिक कारखाने आहेत. समजा, अशा एखाद्या कारखान्यात तापमान ठरल्यापेक्षा चढले, आणि कामगाराने भीतीपोटी वहीत जुनाच आकडा लिहिला. नुसता माल बिघडला तर पैशावर भागेल; पण अशा ठिकाणी खोटा आकडा माणसांच्या जिवावर बेतू शकतो. म्हणून खरी नोंद करणाऱ्याला मालकाने शाबासकी द्यावी. यंत्रे महाग असतात, पण ही सवय लावायला वही-पेन्सिल पुरते.

शिक्षकहो, हे वर्गातही करून पाहण्याजोगे आहे. शुद्धलेखनातल्या चुका मुलांनाच रोज मोजू द्या आणि फळ्यावर आलेख काढा. चुका कोणत्या दिवशी वाढल्या, का वाढल्या, हे त्यांनाच विचारा. मात्र आकडा मोठा आला म्हणून रागावू नका. रागावलात, की दुसऱ्या दिवशी चुका कमी होणार नाहीत. फक्त आकडा कमी होईल.