लाल पेशी विळ्यासारखी का वाकते?
वर्धा : निरोगी लाल रक्तपेशी मधोमध दबलेल्या चकतीसारखी असते. तिच्यातील हिमोग्लोबिन शरीरभर प्राणवायू पोहोचवते. आयुष्य साधारण १२० दिवस. सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिनचे एकच अमिनो आम्ल बदललेले असते. प्राणवायू सुटला की पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते आणि १०-२० दिवसांतच फुटते. म्हणून असह्य वेदना आणि रक्तक्षय.

सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाला हे रुग्ण नवे नाहीत. विदर्भात आजार पिढ्यान्‌पिढ्या आहे. खरी अडचण वाहकांची. त्यांना सहसा त्रास नसतो, म्हणून तपासणीही होत नाही. लग्नात पत्रिका पाहतात, रक्त क्वचितच! दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजाराचा धोका २५ टक्के. साधी सोल्युबिलिटी चाचणी वाहक आणि रुग्ण यांतला फरक सांगत नाही; त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करावी लागते.