सांगून गेलेला गडी

नगर हे छावणीचे गाव. शहराचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे. पण आम्हा जुन्यांच्या तोंडी नगरच बसले आहे. छावणीच्या गावात फुटबॉल सहसा असतोच, तसा तो इथेही आहे. पण कोल्हापूरच्या फुटबॉलचे भाग्य त्याला नाही. तिथे पाटाकडील, खंडोबा, दिलबहार अशा तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर उतरले की अख्खी पेठ मागोमाग येते. आमच्या जिल्ह्यात कौतुक क्रिकेटचे. श्रीरामपूरचा झहीर खान आणि संगमनेर तालुक्यातल्या आश्वी खुर्दला जन्मलेला अजिंक्य रहाणे पोरासोरांना पाठ आहेत. कॉलेजचा फुटबॉल बघायला येतात ती खेळणाऱ्यांची मित्रमंडळी, एखादा भेळवाला आणि माझ्यासारखा निवृत्त माणूस.

या मुलांचा हंगाम फार छोटा असतो. प्रवेश उरकले की जिमखान्याच्या फळ्यावर नोटीस लागते. पहिल्या दिवशी चाळीसजण येतात, पंधरवड्याने अठरा उरतात. मैदान मुरमाचे. आमच्याकडे पाऊस मुळात कमी आणि त्यातला बराचसा सप्टेंबरात. त्यामुळे सरावाच्या दिवसांत जमीन दगडासारखी. पडले की गुडघा सोललाच. मग नगर विभागातल्या महाविद्यालयांचे सामने सुरू होतात. बाद पद्धत, हरलात की घरी. या सामन्यांतून विभागाचा संघ निवडतात, विभागांच्या स्पर्धेतून विद्यापीठाचा. आमच्या वेळचे ते पुणे विद्यापीठ, २०१४ पासून सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ. त्यापुढे पश्चिम विभाग आणि शेवटी अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धा, जिच्या करंडकाला सर आशुतोष मुखर्जी यांचे नाव आहे. बहुतेकांनी ही शिडी खालूनच पाहिलेली असते. दोन-तीन महिने घाम गाळायचा आणि दीड तासात हंगाम संपवून यायचे.

गेल्या हंगामात मी एका कॉलेजचा सराव रोज बघत असे. संध्याकाळचे फिरणे आणि तो सराव यांची वेळ एकच. संघातला एक पोरगा उजव्या बगलेवरून असा सुटायचा की बचावातले गडी बघत राहायचे. जिरायती शेती, धाकटी बहीण, सकाळी पेपर टाकायचे काम. उपांत्य सामन्याच्या तीन दिवस आधी तो माझ्याजवळ येऊन बसला. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीची तारीख आली होती, परजिल्ह्यातली आणि नेमकी सामन्याच्याच दिवशी.

"काका, काय करू? पोरांना आजारी आहे म्हणून सांगू का?"

मी गप्प झालो. कारण हा प्रश्न मला चव्वेचाळीस वर्षांपूर्वी पडला होता, आणि तेव्हा मी कुणालाच विचारले नव्हते.

१९८१ साली मी आमच्या कॉलेजचा गोलरक्षक होतो. विभागाचा अंतिम सामना आणि बँकेची भरती परीक्षा एकाच दिवशी आली. मी मित्राकरवी निरोप धाडला, ताप आहे. आणि पहाटेच्या एसटीने पुण्याला गेलो. माझ्या जागी जो उभा राहिला, तो मुळात बचावाला खेळणारा. सव्वासात मीटर रुंदीच्या त्या चौकटीत त्याला कधी उभे राहायची सवय नव्हती. शेवटच्या पाच मिनिटांत एक साधा चेंडू त्याच्या हातातून निसटला. आम्ही एका गोलने हरलो. वर्षभर पोरांनी त्याला त्या गोलवरून छळले. मला नोकरी लागली.

पुढे मी अधिकारी झालो, आणि बदलीच्या गावी हाच मित्र पीककर्जाची कागदपत्रे घेऊन समोर उभा राहिला. चहा झाला. उठताना तो हसून म्हणाला, "तुला तेव्हा ताप नसता, तर तो गोल झाला नसता बघ." मी सातबारा चाळत राहिलो. सांगायला तेवढीच एक संधी होती, तीही मी घालवली. तो मित्र आता नाही.

नोकरी घेतल्याचा मला पश्चात्ताप नाही. त्या पगारावर घर उभे राहिले, बहिणींची लग्ने झाली. सल आहे तो तापाचा.

हे सगळे त्या पोराला सांगितले नाही. एवढेच म्हणालो, "जा. पण सांगून जा."

दुसऱ्या दिवशी सरावाआधी त्याने सगळ्यांसमोर सांगितले. कर्णधार चिडला, दोघे-तिघे फटकून बोलले. मग सरांनी शिट्टी फुंकली. डावीकडच्या मुलाला उजवीकडे आणले, पहिल्या वर्षाच्या एका पोराला संघात घेतले, आणि दोन दिवस अंधार पडेपर्यंत तेवढेच घोटून घेतले.

सामना ते हरले, दोन-एक. नवख्या पोराने एक सोपी संधी दवडली; पण त्याला कुणी बोलले नाही. तो कुणाच्या जागी आणि का उभा आहे, हे सगळ्यांना ठाऊक होते. मुरमावर पाय पसरून बसलेल्या कर्णधाराने घाम पुसत फोन लावला. मला वाटले, आता शिव्या देतो.

"सोळाशे मीटर किती वेळात मारलंस?" त्याने विचारले. पलीकडून उत्तर आले तसा तो ओरडला, "लेका, एवढं तर तू आमच्यासाठी कधी पळाला नाहीस!" आणि हरलेला अख्खा संघ हसला.

त्या घोळक्यापासून चार पावलांवर मी उभा होतो. ज्याला असा फोन करायला हवा होता, त्याचे नाव मनातल्या मनात घेतले आणि घराकडे वळलो.