विश्लेषण : कारवी आठव्या वर्षीच का फुलते? आणि फुलल्यानंतरचे वर्ष अधिक महत्त्वाचे का?

सह्याद्रीच्या उतारांवर एरवी कुणाचे लक्षही न जाणारे एक झुडूप आठव्या वर्षी डोंगरच्या डोंगर जांभळे-निळे करून टाकते. मग बातम्या येतात, छायाचित्रे फिरतात, रानवाटांवर गर्दी होते. पण फुले सुकली की साऱ्यांचे लक्ष उडते. नेमका तेव्हाच कारवीच्या पुढच्या पिढीचा निर्णय लागणार असतो.

कारवी म्हणजे काय?

कारवी हे पश्चिम घाटातले बहुवर्षायू झुडूप. शास्त्रीय नाव स्ट्रोबिलँथस कॅलोसा. केरळ-तमिळनाडूत बारा वर्षांनी फुलणारी नीलकुरिंजी याच कुळातली, पण वेगळ्या प्रजातीची. कारवी माणसापेक्षा उंच वाढते. पावसाळ्यात हिरवीगार, तर उन्हाळ्यात नुसत्या वाळक्या काठ्या, असे तिचे चक्र सात वर्षे चालते. आठव्या वर्षी ऑगस्ट ते ऑक्टोबरच्या सुमारास ती फुलते, बी धरते आणि मरते. आयुष्यात एकदाच फुलणारी अशी ही वनस्पती. सात वर्षे धरायची की आठ, हा गोंधळ मोजण्याच्या पद्धतीमुळे होतो.

ती कुठे आढळते?

हरिश्चंद्रगड, भीमाशंकर, माळशेज या भागांत आणि मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात कारवीची दाट राने आहेत. उभ्या चढावर माती पातळ असते, तिथे मोठी झाडे तग धरत नाहीत. कारवी मात्र दाटीने वाढते आणि मुळांनी माती बांधून ठेवते. घसाऱ्याच्या वाटेवर कारवीचा बुंधा धरून चढलेल्या गिर्यारोहकांना तिची पकड ठाऊक असते. कास पठारावरची टोपली कारवी ही तिची बहीण, पण प्रजाती वेगळी. ती बुटकी, उपड्या टोपलीच्या आकाराची आणि जांभ्याच्या कातळावर वाढणारी.

सगळी झुडपे एकदमच का फुलतात?

दरवर्षी थोडे बी पडले, तर ते खाणारे कीटक, पक्षी, उंदीर सगळेच फस्त करतील. सात वर्षे काहीच नाही आणि एका हंगामात भरमसाट, असे झाल्यास खाणाऱ्यांची पोटे भरूनही बी उरते. वनस्पतीशास्त्रज्ञ देतात ते हे प्रमुख स्पष्टीकरण. शिवाय आसपासची सगळी झुडपे एकाच वेळी फुलल्याने परागीभवनही भरपूर होते. मधमाश्यांसाठी ही पर्वणीच. कारवीचा मध म्हणूनच दुर्मीळ. मात्र सगळ्या डोंगरांचे वर्ष एक नसते. एका खोऱ्यात बहर असताना शेजारच्या डोंगरावर एकही फूल नाही, असेही दिसते.

माणसाशी नाते काय?

सह्याद्रीतल्या आदिवासी पाड्यांवर कारवीच्या काठ्यांचे कूड उभारतात आणि त्यावर माती-शेणाचा गिलावा देतात. वारली चित्रे परंपरेने काढली जातात, ती अशाच भिंतींवर. घराची भिंत, परसाचे कुंपण, चुलीचे सरपण अशा अनेक गरजा या एका झुडपाने भागवल्या आहेत.

फुलांनंतरचे वर्ष का महत्त्वाचे?

फुले गळाली तरी बी लगेच जमिनीवर पडत नाही. ते सुक्या बोंडांत, मेलेल्या झुडपावरच उन्हाळाभर थांबते. पुढच्या पावसाळ्याच्या पहिल्या सरींनी बोंडे भिजतात आणि तडतड आवाज करत फुटतात. बी उडून आसपास पडते आणि त्याच पावसात रुजते.

म्हणजे फूल आणि रोप यांच्यामध्ये एक आख्खा उन्हाळा असतो. या काळात डोंगरावर वाळक्या काड्यांचा ढीग असतो. गवत चांगले येते या समजुतीने लावलेला किंवा निष्काळजीपणे पेटलेला एक वणवा तिथे पोहोचला, तर आठ वर्षांची कमाई एका दुपारी राख होते. आधीची पिढी मेलेली असल्याने त्या उतारावर दुसऱ्या वर्षी फुलायला कुणी उरत नाही. मोकळा पडलेला उतार पुढच्या पावसात माती सोडू लागतो, ते वेगळेच.

पर्यटकांनी काय करावे?

तोडलेला प्रत्येक तुरा म्हणजे तेवढे बी कमी. राष्ट्रीय उद्यान व अभयारण्यात परवानगीशिवाय फुले-झाडे तोडण्यास वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार मनाई आहे. पायवाट सोडून छायाचित्रासाठी रानात घुसणे टाळावे. बहरानंतरच्या उन्हाळ्यात डोंगरावर शेकोटी, विडी-काडी अजिबात नको.

संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात कारवी २०१६ मध्ये आणि त्यानंतर २०२४ मध्ये फुलली. हे चक्र चुकले नाही, तर तिथला पुढचा बहर २०३२ चा. तो किती दाट असेल, हे २०२५ च्या पहिल्या पावसापर्यंत किती बोंडे झुडपांवर शाबूत राहिली, यावरच बरेचसे ठरले आहे.