विमानापेक्षा कॅलेंडर अवघड: मांजरीला परदेशी नेताना

‘कुत्रा माणसाचा, मांजर घराची’ असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. जर्मनीची नोकरी हाती आली की पुण्या-मुंबईच्या कितीतरी घरांत या एका वाक्यावर निर्णय होऊन जातो: मांजर आजीकडे ठेवू, नाहीतर कुणाला तरी देऊन टाकू. नव्या जागेत मांजर बावरते हे खरंच आहे. पण तिचा जीव फक्त भिंतींत गुंतलेला असतो, हे खरं नाही. अमेरिकेतल्या ओरेगॉन स्टेट विद्यापीठात क्रिस्टिन व्हिटाले आणि सहकाऱ्यांनी मांजरीच्या पिल्लांना, त्यांना सांभाळणाऱ्या माणसासह अनोळखी खोलीत सोडलं. माणूस थोडा वेळ बाहेर जाऊन परत आला, तेव्हा ज्यांच्या वागण्यातून ठाम निष्कर्ष काढता आला अशा पिल्लांपैकी सुमारे ६४ टक्के पिल्लं त्याला पाहून निवांत झाली आणि खोली हुंगत फिरू लागली. हा अभ्यास २०१९ साली ‘करंट बायॉलॉजी’त छापून आला. तेव्हा मांजरीला मागे ठेवायचं असेल तर ठेवा, पण त्यासाठी ही म्हण पुढे करू नका.

दुसरा गैरसमज जास्त महागात पडतो. ‘लसी सगळ्या झाल्यात, आठवडाभर आधी डॉक्टरांकडून सर्टिफिकेट घेऊ’ असं लोक गृहीत धरतात. युरोपीय संघाच्या लेखी भारत रेबीजचा धोका असलेल्या देशांत मोडतो, म्हणून इथून जाणाऱ्या मांजरीची तयारी निदान चार महिने आधी सुरू व्हावी लागते. आणि क्रम चुकून चालत नाही. आधी १५ अंकी मायक्रोचिप, मग रेबीजची लस. चिपच्या आधी टोचलेली लस कागदावर धरलीच जात नाही, कारण ती याच मांजरीला दिली याचा पुरावा उरत नाही. लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्त काढायचं आणि युरोपीय संघाची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेतच तपासून घ्यायचं. व्हेट याला ‘टायटर टेस्ट’ म्हणतात. रक्तातल्या प्रतिपिंडांचं प्रमाण दर मिलिलिटरला ०.५ आंतरराष्ट्रीय एकक किंवा त्याहून जास्त भरायला हवं.

इथे लोक सुटकेचा निःश्वास टाकतात आणि तिकीट काढतात. पण रक्त काढल्याच्या तारखेपासून पुढचे तीन महिने मांजरीला युरोपात प्रवेश नसतो. हा सरकारी खाक्या वाटतो, पण त्यामागे कारण आहे. प्रतिपिंडं दिसली म्हणजे लस लागू पडली, एवढंच कळतं. लसीच्या आधीच संसर्ग झाला असेल, तर रेबीजची लक्षणं दिसायला कित्येक आठवडे, कधी काही महिने लागतात. तो काळ मांजरीने आपल्याच घरी काढावा, यासाठी ही थांबवणूक आहे. पिल्लाला ही लस १२ आठवड्यांच्या आत चालत नाही, म्हणजे साधारण सात महिन्यांचं होईपर्यंत त्याला नेताच येत नाही. ‘आमची मांजर फ्लॅटच्या बाहेर पाऊल टाकत नाही’ हे सांगून काही उपयोग नसतो. नियम घरातल्या आणि गल्लीतल्या मांजरीला सारखाच.

कागद अपुरे निघाले तर मांजर परत पाठवली जाते किंवा मालकाच्या खर्चाने विलगीकरणात ठेवली जाते. हे दोन्ही शक्य नसेल तर शेवटचा उपाय म्हणून तिला मारण्याचीही तरतूद युरोपीय संघाच्या कायद्यात आहे. म्हणून मी कळकळीने सांगते, व्हिसाची वाट पाहत बसू नका. पुढचे रेबीजचे बूस्टर एकही तारीख न चुकवता दिलेत, तर एकदा पास झालेली टायटर टेस्ट युरोपसाठी पुन्हा करावी लागत नाही. जाणं लांबलं तरी ती वाया जात नाही.

आपल्याकडे लसींच्या नोंदवहीलाही ‘पेट पासपोर्ट’ म्हटलं जातं. ती जपून ठेवा, पण तिच्यावर युरोपात प्रवेश मिळत नाही. खरा युरोपीय पासपोर्ट तिथले अधिकृत व्हेटच देतात. इथून लागतं ते सरकारी आरोग्य प्रमाणपत्र, मुंबईकरांसाठी केंद्र सरकारच्या प्राणी विलगीकरण व प्रमाणन सेवेकडून. ते दिल्यापासून दहा दिवसांच्या आत मांजर युरोपात पोहोचायला हवी, आणि तिच्या आणि तुमच्या प्रवासात पाच दिवसांहून जास्त अंतर पडता कामा नये.

‘परदेश’ म्हणजे सगळीकडे हेच, असंही नाही. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०२४ च्या ऑगस्टपासून नियम कडक केले ते कुत्र्यांसाठी. मांजरीला केंद्रीय पातळीवर रेबीजच्या लसीचीही सक्ती नाही, मात्र राज्याचे आणि विमान कंपनीचे नियम वेगळे असू शकतात. ब्रिटनला विमानाने जाणारी मांजर कार्गोतूनच उतरते. ऑस्ट्रेलियाला तर भारतातून थेट नेताच येत नाही. आधी त्यांच्या मान्य यादीतल्या देशात मुक्काम, मग मेलबर्नजवळच्या मिकलहॅम इथे विलगीकरण.

कार्गोचं नाव काढलं की घरातल्या मोठ्यांच्या डोळ्यांत पाणी येतं. ‘सामानात गारठून मरेल ती!’ पण जिवंत प्राणी ज्या कप्प्यात ठेवतात, तिथे हवेचा दाब प्रवाशांच्या केबिनइतकाच असतो आणि तापमानही राखलेलं असतं. आवाज, अंधार, एकटेपणा हा त्रास मात्र खराच आहे. चपट्या नाकाच्या पर्शियन मांजरींची काळजी तर रास्तच आहे. त्यांना श्वास घ्यायला मुळातच कष्ट पडतात, म्हणून अनेक कंपन्या त्यांना कार्गोत घेत नाहीत. लुफ्तान्सासारख्या कंपनीत पिशवीसकट ८ किलोपर्यंतची मांजर पायाशी ठेवून नेता येते, पण दर विमानात अशा जागा मोजक्याच असतात. म्हणून आधी मांजरीची जागा पक्की करा, मग आपलं तिकीट.

आणि कृपा करून स्वतःच्या मनाने झोपेचं औषध देऊ नका. गुंगीत रक्तदाब उतरतो, श्वास मंदावतो, शरीराला तापमान सांभाळता येत नाही. गुंगीतला प्राणी दिसला तर कंपनी त्याला विमानात घ्यायलाही नकार देऊ शकते. त्यापेक्षा दोन-तीन महिने आधी पिंजरा दार उघडं ठेवून हॉलमध्ये मांडा, आत तिच्या वासाची जुनी गोधडी घाला, जेवणाची वाटी तिथेच ठेवा. हार्नेसचीही सवय लावा, कारण सुरक्षा तपासणीत पिंजरा एक्स-रेमधून जातो आणि मांजर तुमच्या हातात असते. आयत्या वेळी बांधलेल्या हार्नेसमधून घाबरलेली मांजर सहज निसटते.