उंबरठ्यापासून स्थानकापर्यंत

बनशंकरी हे नाव महाराष्ट्रातील अनेक कुटुंबांना कुलदेवतेचे म्हणून परिचित आहे. बदामीजवळील तिचे देऊळ आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. याच नावाची मोठी वस्ती बंगळुरूच्या दक्षिण भागात असून, तेथील मेट्रोचे स्थानक रस्त्यापासून बरेच उंचावर आहे. या मार्गाचे उद्घाटन १७ जून २०१७ रोजी झाले. स्थानकात लिफ्ट असल्याने चाकाच्या खुर्चीतील प्रवाशालाही फलाट गाठता येतो.

योगायोग असा की, त्यापूर्वी दोनच दिवस, १५ जून रोजी, दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याखालील नियम प्रसिद्ध झाले. जुन्या सार्वजनिक इमारतीही नियम झाल्यापासून पाच वर्षांच्या आत सर्वांना वापरता येतील अशा कराव्यात, असे या अधिनियमाने बजावले आहे. ती मुदत २०२२ मध्येच संपली. पुढे ८ नोव्हेंबर २०२४ रोजी, अंध याचिकाकर्ते राजीव रतुडी यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, सुगमतेची मानके केवळ शिफारशीवजा ठेवून भागणार नाही. ती बंधनकारकच असली पाहिजेत.

परंतु वाचकहो, स्थानकात लिफ्ट झाली म्हणजे प्रवास सुकर झाला असे नव्हे. घराची पायरी, पदपथ, चौक, बस अशी ही साखळी आहे. तिची एक कडी निखळली की उरलेल्या साऱ्या निरुपयोगी ठरतात. आणि पहिली कडी तर आपल्याच घरी असते. “एवढ्या गर्दीत त्याला कशाला त्रास?” असे म्हणून आपण मायेपोटीच मुलाला किंवा वृद्ध आईला घरी ठेवतो. मग जो माणूस रस्त्यावर कधी दिसतच नाही, त्याच्यासाठी रस्ता कोण दुरुस्त करणार?

म्हणून प्रारंभ उंबरठ्यापासून करावा. उतरंडीचे प्रमाण एकास बारा असावे. पंधरा सेंटिमीटरच्या एका पायरीसाठी १ मीटर ८० सेंटिमीटर लांबीचा उतार लागतो. अशा तीन पायऱ्यांसाठी ५ मीटर ४० सेंटिमीटर. आखूड फळी टाकून केलेला चढ सोय नसून धोका होय. दाराची मोकळी रुंदी ९० सेंटिमीटर असणे इष्ट.

त्यानंतरचे काम चारचौघांत करावयाचे आहे. मेंदूच्या पक्षाघाताने बाधित अशा आपल्या मुलीसाठी योग्य शाळा नाही, हे पाहून मिठू अलूर यांनी १९७२ मध्ये मुंबईत अशा मुलांसाठी संस्था उभारली. एका घराची अडचण अशा रीतीने अनेक घरांचा आधार झाली. त्याच मुलीने, मालिनी चिब यांनी, पुढे एका बोटाने टंकलेखन करून स्वतःचे आत्मचरित्र लिहिले. कुटुंबाने आरंभी मुलासाठी बोलावे, आणि पुढे त्याला स्वतः बोलू द्यावे, हाच यातील बोध.

आपणही अडथळ्याची जागा, माप आणि दिनांक नोंदवून संबंधित कार्यालयास पत्र द्यावे व पोच घ्यावी. दाद न मिळाल्यास राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते. पत्राचा सूर मात्र याचनेचा नसावा. हा हक्क आहे. आणि शक्य असेल तेथे त्या पत्राखाली सही, अथवा अंगठा, ज्याचा रस्ता अडला आहे त्याचाच असावा.